बाकावरच्या मुलाकडे बघताना

२०१२-१३च्या हंगामात अथेन्सच्या झोग्राफू उपनगरातल्या एका लहानशा जिममध्ये परदेशी पाहुणे दिसू लागले. फिलाथ्लितिकोस हा तिथला क्लब ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. पाहुणे ज्याच्यासाठी यायचे, त्या मुलाची सरासरी सामन्यामागे साडेनऊ गुणांची होती, तीही दुसऱ्या श्रेणीत. नायजेरियातून आलेल्या आईवडिलांच्या पोटी अथेन्समध्येच जन्मलेल्या या अठरा वर्षांच्या मुलाकडे ग्रीसचं नागरिकत्वही नव्हतं. ते मिळालं मे २०१३मध्ये. जूनमध्ये मिलवॉकी बक्स संघानं एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं. त्याचं नाव यानिस आंटेटोकुंपो.

नुसत्या आकड्यांवर गेलं असतं, तर त्या जिमपर्यंत कुणी पोहोचलंच नसतं. खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींना तिथं ओढून नेलं ते वेगळ्याच गोष्टींनी. पावणेसात फुटांच्या आसपास उंची असलेला हा मुलगा आपल्या बास्केटखाली रिबाउंड घ्यायचा आणि स्वतःच ड्रिबल करत समोरच्या बास्केटपर्यंत जायचा. एरवी हे काम संघातल्या सगळ्यांत बुटक्या पॉइंट गार्डचं. पंजे प्रचंड, ढांगा लांब आणि अंगकाठी इतकी किरकोळ, की हे शरीर अजून भरायचं आहे हे कुणालाही दिसावं. चौदा निवडी त्याला वगळून झाल्या यात नवल नाही. पहिल्या फेरीतली मोलाची निवड एका संघानं दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या पोरावर लावली, हे मात्र मोठं धाडस होतं. असं धाडस ज्यांच्या नोंदींच्या आधारावर केलं जातं, त्यांच्या कामाची ही गोष्ट.

दर वर्षी जूनच्या अखेरीस एनबीएचे तीस संघ नव्या खेळाडूंची निवड करतात. दोन फेऱ्या, साधारण साठ नावं. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघांना सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याची संधी अधिक. युरोपातला मुलगा ज्या वर्षी एकोणीस पूर्ण करतो त्या वर्षी नाव देऊ शकतो आणि बावीस पूर्ण करतो त्या वर्षी आपोआप पात्र ठरतो. त्यामुळे स्काउटला मुलगा पाहायला सुरुवात करावी लागते ती तो सोळा-सतरा वर्षांचा असताना. त्या वयात उंची वाढत असते, खांदे भरत असतात, स्वभावही ठरायचा असतो. आणि उत्तर द्यायचं असतं ते पंचविशीतल्या खेळाडूबद्दल.

या कामाला स्वतःचं असं पंचांग आहे. जानेवारीच्या सुरुवातीला बार्सिलोनाजवळच्या ल'ओस्पितालेत इथं ज्युनिअर संघांची नावाजलेली स्पर्धा भरते. हिवाळ्यापासून मेपर्यंत युरोलीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या लीगची, ज्युनिअर स्पर्धा चालते. जर्मनीतल्या मानहाइमला १९५८पासून आल्बर्ट श्वाइट्झर यांच्या नावानं राष्ट्रीय युवा संघांची स्पर्धा होत आली आहे. वसंतात अमेरिकेत हूप समिट असतो. तिथं जगभरातले निवडक तरुण अमेरिकेच्या तरुण संघाशी खेळतात. इटलीतल्या त्रेविझोच्या शिबिरात तर अनेक वर्षं स्काउटांचा मेळाच भरत असे. ड्राफ्ट आटोपला की दम खायला वेळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सोळा, अठरा आणि वीस वर्षांखालील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा लागतात आणि पुढच्या दोन-तीन ड्राफ्टची नावं तिथंच प्रथम वहीत चढतात. मधल्या काळात बेलग्रेड, काउनास, व्हिटोरिया, ल्युब्लियाना असे प्रवास. कधी विमान, कधी रात्रीची रेल्वे, कधी बर्फातून भाड्याच्या गाडीनं गाठलेलं एखादं आडगाव.

एवढं करून पाहायला काय मिळतं? पुष्कळदा फार थोडं. युरोपातल्या क्लबांना प्रत्येक सामना जिंकायचा असतो. खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती असते आणि प्रशिक्षकाची नोकरी निकालावर अवलंबून असते. अशा ठिकाणी अठरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आठ-दहा मिनिटं येतात, कधी तीही येत नाहीत. अमेरिकेतल्या कॉलेजात खेळणारा त्याच्याच वयाचा मुलगा अर्धा तास मैदानावर असतो आणि समोर त्याच्याच पिढीची पोरं असतात. युरोपातल्या मुलासमोर तिशीतले, मुरलेले, रोजीरोटीसाठी खेळणारे पुरुष असतात. दोघांच्या सरासऱ्या शेजारी शेजारी मांडल्या, तर युरोपातला मुलगा हरणारच.

म्हणून जाणता स्काउट सामना सुरू होण्याच्या तासभर आधी जाऊन बसतो. सरावाच्या वेळी मुलगा सहज नेम मारतो की मोजूनमापून, डाव्या हातानं किती काम करतो, उडी घेताना कोणत्या पायावर विसंबतो, हे त्या तासात दिसतं. सामना सुरू झाला की तो मुलगा बाकावर बसलेला असतानाही नजर त्याच्यावरच. प्रशिक्षक बोलतो तेव्हा याचं लक्ष कुठं आहे? ज्यानं याची जागा घेतली, त्याच्या बास्केटला हा टाळी देतो का? चूक झाल्यावर खांदे पाडतो, की धावत बचावाला परततो? तालमीतला वस्ताद नव्या पोराचे दंड पाहण्याआधी तो हौद्यात कसा उभा राहतो ते पाहतो, तशीच ही नजर. उंची आणि हातांची लांबी टेपनं मोजता येते. चेंडू हातात येण्याआधीच पुढचा पास कुठं द्यायचा हे मुलाला कळलेलं असतं का, हे मात्र पुन्हा पुन्हा पाहिल्यावरच कळतं.

मुलाशी थेट बोलायची सोय नसते. ड्राफ्टसाठी पात्र होईपर्यंत संघाच्या माणसानं त्याच्याशी संपर्क ठेवायला बंदी आहे. मग चौकशी आजूबाजूनं करायची. जुना प्रशिक्षक, प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक, फिजिओ, राष्ट्रीय संघाबरोबर फिरलेला व्यवस्थापक. घरात उंच कोण? आईवडील कधी खेळले होते का? दुखापत झाली तेव्हा पोरगं कसं वागलं? यासाठी भाषा यावी लागते, निदान त्या गावात आपलं म्हणणारं कुणी असावं लागतं. कागदपत्रांचं काम वेगळंच. क्लबशी करार किती वर्षांचा, त्यातून सुटण्यासाठी किती रक्कम भरावी लागेल, त्यातली किती एनबीए संघ देऊ शकतो आणि किती मुलाच्या खिशातून जाणार, हे ठाऊक नसेल तर नुसत्या कौतुकानं भरलेला अहवाल संघाच्या उपयोगाचा नाही.

खेळाचंही भाषांतर करावं लागतं. युरोपात चालणाऱ्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार सामना चाळीस मिनिटांचा, एनबीएत अठ्ठेचाळीस. फिबाची तीन गुणांची रेषा बास्केटपासून जास्तीत जास्त ६.७५ मीटरवर, एनबीएची ७.२४ मीटरवर. एनबीएत बचाव करणाऱ्या उंच खेळाडूला कुणालाही न अडवता बास्केटसमोर तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही, युरोपात येतं. म्हणजे युरोपात आत घुसणाऱ्याला गर्दीतून वाट काढावी लागते आणि तिकडे तोच मुलगा अधिक मोकळ्या जागेत खेळतो. उलट, युरोपात बास्केटखाली ठाण मांडून बचाव करणारा उंच मुलगा एनबीएत उघडा पडू शकतो. स्काउटला एक खेळ बघत मनात दुसरा खेळ चालवावा लागतो.

या कामाची सुरुवात झाली तेव्हा युरोप दोन तुकड्यांत होता. १९८५मध्ये फिनिक्स सन्सनं बल्गेरियाच्या जॉर्जी ग्लुचकोव्हला सातव्या फेरीत घेतलं. पूर्व युरोपातून एनबीएत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. पुढच्याच वर्षी पोर्टलँडनं लिथुआनियाच्या आर्विदास साबोनिसला २४व्या आणि क्रोएशियाच्या द्राझेन पेत्रोविचला ६०व्या क्रमांकावर घेतलं. पेत्रोविच १९८९मध्ये तिकडे गेला. साबोनिस गेला १९९५मध्ये, घोट्यामागच्या शिरेच्या दुखापतींनी शरीर थकल्यावर. मुलगा पसंत पडला तरी त्याचा देश त्याला सोडेल की नाही, हे कुठल्याही अहवालात लिहिता येत नव्हतं.

त्या काळात डॉनी नेल्सन यांनी जे केलं त्याला तोड नाही. खेळाडू म्हणून सोव्हिएत लिथुआनियाच्या दौऱ्यावर गेले असताना त्यांची शारूनास मार्चुलियोनिसशी मैत्री झाली. १९८९मध्ये मार्चुलियोनिस त्यांच्या वडिलांच्या, डॉन नेल्सन यांच्या, गोल्डन स्टेट संघात आला. लिथुआनिया स्वतंत्र झाल्यावर डॉनी त्या देशाच्या संघाचे सहायक प्रशिक्षक झाले आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये त्या संघानं कांस्यपदक जिंकलं. युरोपच्या जिममधून वर्षानुवर्षं वावरलेल्या या माणसाला पुढे एक जर्मन मुलगा दिसला.

डर्क नोविट्झ्की वुर्ट्झबुर्गचा. त्याचा क्लब जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. होल्गर गेश्विंडनर या जुन्या ऑलिम्पिक खेळाडूनं त्याला आपल्या पद्धतीनं घडवलं होतं. वजनं उचलण्यापेक्षा तोल आणि लय, नेमबाजीचा कोन गणितानं ठरवलेला, सोबत वाद्य शिकण्याचा आणि पुस्तकं वाचण्याचा आग्रह. मार्च १९९८मध्ये सॅन अँटोनियोच्या हूप समिटमध्ये या एकोणीस वर्षांच्या मुलानं अमेरिकेच्या तरुण संघाविरुद्ध ३३ गुण आणि १४ रिबाउंड घेतले. एका रात्रीत सगळ्यांच्या वहीत त्याचं नाव गेलं. डॅलसनं मिलवॉकीशी अदलाबदल करून त्याला नवव्या क्रमांकावरून मिळवलं. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती फक्त ८.२ गुणांची आणि निवड फसली असं बोललं जाऊ लागलं. तोवर डॅलसमध्ये आलेले नेल्सन पितापुत्र आपल्या मतावर ठाम राहिले. नोविट्झ्की एकवीस हंगाम त्याच संघात खेळला, २००७मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०११मध्ये त्यानं डॅलसला अजिंक्यपद मिळवून दिलं.

त्या यशाची किंमत दुसऱ्याच मुलांनी मोजली. प्रत्येक संघ आता पुढचा नोविट्झ्की शोधू लागला. २००२मध्ये डेन्व्हरनं जॉर्जियाच्या निकोलोझ त्स्कितिश्विलीला पाचव्या क्रमांकावर घेतलं. त्रेविझोच्या बेनेटन संघात तो जेमतेम खेळला होता. पण सात फूट उंची आणि सरावात पडणारे लांबून मारलेले नेम पाहून लोक भुलले. एनबीएत त्याचा जम बसलाच नाही.

२००३मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सनं सर्बियाच्या डार्को मिलिचिचला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. त्याच्यामागून कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड निवडले गेले. मिलिचिच तेव्हा पुरता अठराचाही झालेला होता-नव्हता. उंची होती, डावा हात नाजूक कामाचा होता, चालही हलकी होती. पण डेट्रॉइट त्या वर्षी अजिंक्यपदासाठी खेळत होतं आणि ते त्यांनी २००४मध्ये जिंकलंही. अशा संघात शिकाऊ मुलाला चुका करायला मिनिटं कुठून मिळणार? तो बाकावर बसून राहिला, चिडला, खचला. नंतर अनेक संघांतून खेळून तो सर्बियाला परतला आणि फळबागा करू लागला. आपल्या वागण्यातल्या उणिवा त्यानं पुढे मोकळेपणानं सांगितल्या आहेत.

या प्रकरणात दोष नुसता पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा नव्हता. हा मुलगा चांगला आहे का, या प्रश्नाबरोबर हा मुलगा आपल्याकडे वाढेल का, हाही प्रश्न विचारायला हवा होता. अठरा वर्षांच्या परदेशी मुलाला घरापासून हजारो मैलांवर नेताना त्याच्या जेवणाची, भाषेची, एकटेपणाची जबाबदारीही संघावर येते. आज अनेक संघ त्यासाठी स्वतंत्र माणसं नेमतात. त्यामागे मिलिचिचसारख्या मुलांनी सोसलेलं बरंच काही आहे.

एकदा पाहून नाव खोडणं किती घातक ठरू शकतं, याचं उदाहरण सॅन अँटोनियो स्पर्सनं दिलं. २००१मध्ये त्यांनी पॅरिसच्या टोनी पार्करला शिकागोत आजमावलं. समोर संघातर्फे लान्स ब्लँक्स हे माजी खेळाडू होते. त्यांनी अंगावर जाऊन असा बचाव केला, की मुलगा गोंधळला. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांना थोड्याच वेळात वाटलं, पुरे झालं. संघाच्या व्यवस्थापनातल्या आर. सी. ब्युफर्ड यांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. तेव्हा संघात इंटर्न असलेल्या सॅम प्रेस्टी यांनी पार्करच्या खेळाची चित्रफीत तयार केली होती. ती पोपोविच यांना दाखवण्यात आली आणि पार्करला दुसरी संधी मिळाली. २८व्या क्रमांकावर निवडलेल्या या मुलानं पुढे चार अजिंक्यपदं जिंकली. पोपोविच यांचं मोठेपण असं, की हाताखालच्या माणसांचं ऐकून त्यांनी स्वतःचा पहिला निकाल फिरवला.

आणि मग निकोला योकिच.

सर्बियाच्या वायव्येला, हंगेरीच्या सीमेजवळ सोंबोर नावाचं शहर आहे. तिथल्या या मुलाचे ज्युनिअर लीगमधले आकडे मिश्को रझ्नातोविच या एजंटनं वर्तमानपत्रात वाचले आणि त्याला बेलग्रेडच्या मेगा क्लबमध्ये आणलं. मुलगा जाडसर, उडी अगदी बेताची, दिवसाकाठी लिटरच्या लिटर कोकाकोला पिणारा. मेगाचे प्रशिक्षक देयान मिलोयेविच यांनी त्याला घाई केली नाही. आधी शरीर थोडं मार्गाला लावलं आणि त्याची पास देण्याची उपजत जाण मारली नाही. दुसऱ्या कुणी त्याला बास्केटखाली उभं करून फक्त धक्के द्यायला लावलं असतं.

योकिच काही लपलेला नव्हता. २०१३मध्ये प्रागला झालेल्या एकोणीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक जिंकणाऱ्या सर्बियाच्या संघात तो होता. २०१४च्या हूप समिटमध्येही तो खेळला, आणि तो सामना पाहायला बहुतेक सगळ्या संघांची माणसं असतात. सगळ्यांनी तोच मुलगा पाहिला. बहुतेकांनी लिहिलं असणार ते त्याच्या पायांच्या मंदपणाबद्दल, आणि ते खोटंही नव्हतं. डेन्व्हरनं त्या ड्राफ्टमध्ये युसुफ नुर्किच हा बोस्नियाचा सेंटर पहिल्या फेरीतून मिळवलाच होता. तरीही दुसऱ्या फेरीत, ४१व्या क्रमांकावर, त्याच जागेवर खेळणारा योकिच त्यांनी घेतला. त्या वेळी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती आणि तो स्वतः सर्बियात झोपला होता. डेन्व्हरनं त्याला आणखी एक वर्ष मेगातच ठेवलं. त्या वर्षी तो एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३मध्ये डेन्व्हरनं इतिहासातलं पहिलं अजिंक्यपद जिंकलं ते त्याच्याच जोरावर. मिलोयेविच पुढे गोल्डन स्टेटचे सहायक प्रशिक्षक झाले आणि जानेवारी २०२४मध्ये त्यांचं अकाली निधन झालं. योकिच घडवण्यात त्यांचा वाटा किती मोठा होता, हे बास्केटबॉलच्या जगात सगळे जाणतात.

निवडल्यावर मुलाला युरोपातच वाढू देण्याची ही रीत मुंबईकरांनी जवळून पाहिली आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे हंगामपूर्व सामने झाले. किंग्जच्या बोगदान बोगदानोविचची निवड झाली होती २०१४मध्ये. त्यानंतर तीन वर्षं तो इस्तंबूलच्या फेनरबाचेकडून खेळला, युरोलीग जिंकला आणि तयार होऊन २०१७मध्ये एनबीएत गेला. पेसर्सच्या संघात होता डोमान्तास साबोनिस, उशिरा अमेरिकेला पोहोचलेल्या त्या आर्विदास साबोनिसचा मुलगा.

लुका डॉन्चिचच्या बाबतीत तर शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेराव्या वर्षी तो ल्युब्लियानाहून रेआल माद्रिदला गेला, सोळाव्या वर्षी मोठ्या संघातून खेळला. २०१७मध्ये स्लोव्हेनियाबरोबर युरोपचं अजिंक्यपद, २०१८मध्ये युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू, तोही एकोणीस वर्षांचा असताना. त्या वयात युरोपात एवढं कुणी केलं नव्हतं. तरी २०१८च्या ड्राफ्टमध्ये दोन संघांनी त्याला वगळलं आणि तिसऱ्या क्रमांकावर निवडणाऱ्या अटलांटानं तो डॅलसला दिला. तो पुरेसा चपळ नाही, ही शंका त्याच्या मागे होती. पुरुषांच्या खेळात वर्षानुवर्षं दाखवलेली समज समोर असताना उडीच्या उंचीवर अडून बसणं, ही या धंद्याची जुनी खोड आहे. ती मोडायला योकिच आणि डॉन्चिच या दोघांची मिळून कारकीर्द लागली.

आता कुणी मुलगा अज्ञात राहत नाही. लिथुआनियातल्या ज्युनिअर सामन्याचा प्रत्येक पास डेन्व्हरमध्ये बसून पाहता येतो. २०२३मध्ये फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बन्यामा पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा तो जाणार हे वर्षभर आधीच ठरल्यासारखं होतं. २०२४च्या पहिल्या दोन्ही निवडी, झाकारी रिसाशे आणि अॅलेक्स सार, फ्रेंचच होत्या. आणखी एक बदल म्हणजे अमेरिकन कॉलेजांत खेळाडूंना पैसे मिळू लागल्यापासून युरोपातली पोरं तिकडे वळू लागली आहेत. रेआल माद्रिदमध्ये वाढलेला येगोर द्योमिन ब्रिगम यंग विद्यापीठात, बार्सिलोनात वाढलेला कास्पारास याकुचोनिस इलिनॉयमध्ये गेला. २०२५च्या पहिल्या फेरीत दोघेही निवडले गेले.

यानं स्काउटचं काम कमी होईल असं वाटू शकतं. तसं होताना दिसत नाही. चित्रफितीत चेंडूमागे कॅमेरा धावतो, बाकावर बसलेला मुलगा त्यात येत नाही. जुन्या प्रशिक्षकानं उत्तर देण्याआधी घेतलेला थोडा वेळही त्यात येत नाही. माहिती सगळ्यांकडे सारखीच आहे, म्हणून निर्णयाचं वजन उलट वाढलं आहे.

२०१९ ते २०२४ या सहा हंगामांत एनबीएचा सर्वोत्तम खेळाडूचा मान पाच वेळा युरोपात वाढलेल्या खेळाडूंना मिळाला. दोनदा यानिसला आणि तीनदा योकिचला. एक पंधराव्या क्रमांकाचा, दुसरा एक्केचाळिसाव्या. यानिसला दुसऱ्या श्रेणीच्या जिममध्ये जाऊन पाहणारे आणि योकिचच्या मंद पायांपलीकडे त्याचे पास पाहणारे लोक बरोबर होते. त्यांची नावं बहुतेक प्रेक्षकांना कधीच कळत नाहीत, पण या पाच सन्मानांत त्यांचा हिस्सा आहे.

फिबाच्या युवा स्पर्धांचे सामने उन्हाळ्यात यूट्यूबवर थेट दाखवतात. ज्यांना हा खेळ आवडतो त्यांनी, आणि आपल्याकडे शाळा-क्लबांतून मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी तर आवर्जून, एखादा अठरा वर्षांखालचा सामना पाहावा. गुणफलक बाजूला ठेवून एकाच मुलावर नजर ठेवावी, तो का आवडला हे कारणासह वहीत लिहावं, खाली तारीख घालावी, आणि वही पाच वर्षं जपून ठेवावी.